'लाइक' केलं म्हणून अटक!

मुलांनो, आमच्या नागोठण्याच्या शाळेत चौथीच्या वर्गाचं एक भित्तिपत्रक आहे. एकदा एका मुलीनं त्यावर लिहिलं, 'मधल्या सुट्टीनंतर बाई रोज उशिरा येतात.' मला आला राग! मी तो कागद काढून टाकला. वर्ग चिडीचूप. पुढे आठवडाभर भित्तिपत्रकावर कुणी एक ओळही लिहिली नाही.

तेव्हा मला पालघरची गोष्ट आठवली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. असा बंद पाळू नये, अशा अर्थाचा मजकूर पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिला. मैत्रिणीनं तो फक्त 'लाइक' केला. झालं! जमावानं तिच्या नातेवाइकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि पोलिसांनी या दोघींनाही अटक केली. त्यांना जामीन मिळाला. पुढे खटला मागे पडला आणि दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले.

त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यात '६६ अ' नावाचं कलम होतं. त्रास होईल असा संदेश पाठवला, तर ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास! पण त्रास मोजायचा कोणत्या मापानं? एकाला जो विनोद वाटतो, तोच दुसऱ्याला झोंबतो. श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते कलम रद्द केलं. चर्चा करणं वेगळं, आपलं मत हिरिरीनं मांडणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, असं न्यायालयानं सांगितलं.

म्हणजे मग काहीही लिहायचं का? छे! घटनेच्या १९व्या अनुच्छेदात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, तशा त्याच्या मर्यादाही आहेत. धमकी देणं, खोटी बदनामी करणं, लोकांना मारामारीला उठवणं हे आजही गुन्हेच आहेत. पण एखादं मत आवडलं नाही, एवढ्यानं ते गुन्हा ठरत नाही.

पालकांनो, मुलांना मोबाइल देताना एवढं जरूर सांगा. आणि घरात मुलांनी आपली चूक दाखवली, तर 'गप्प बस' म्हणण्याआधी क्षणभर थांबा.

मी काय केलं? तो कागद पुन्हा चिकटवला. खाली लिहिलं, 'बरोबर आहे. उद्यापासून वेळेवर येईन. – बाई'

दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकावर नवी ओळ होती : 'बाई आज वेळेवर आल्या. पण गृहपाठ फार देतात!'