स्वप्नांचा चित्रपट

स्वप्न कोणास पडत नाहीं? परंतु सकाळीं तें सांगूं गेल्यास ऐकणारा जांभई देतो. कारण स्वप्नांतील भीति सांगणाऱ्याची असते, ऐकणाऱ्याची नसते. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनीं वयाच्या ८० व्या वर्षीं ही अडचण कशी ओलांडली, हें पाहण्यासारखें आहे.

१९१० सालीं जन्मलेल्या कुरोसावांना प्रथम चित्रकार व्हावयाचें होतें. १९३६ सालीं ते चित्रपटधंद्यांत शिरले. आठ स्वप्नांचा त्यांचा 'ड्रीम्स' हा बोलपट १९९० सालीं निघाला. मायदेशीं भांडवल मिळेना, तेव्हां स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या खटपटीनें अमेरिकेंतील वॉर्नर ब्रदर्स कंपनी पाठीशीं उभी राहिली.

पहिलें स्वप्न बालपणाचें आहे. उन्हांत पाऊस पडला कीं कोल्ह्याचें लग्न लागतें, ही आपल्याकडील मुलांची समजूत जपानांतही आहे. आईनें बजावलें असतांही एक मुलगा रानांत जाऊन तें लग्न चोरून पाहतो. परत येतो तों आई दारांत उभी. कोल्ह्यानें आणून ठेवलेली सुरी ती त्याच्या हातीं देते, क्षमा मिळविल्यावांचून घरांत घेणार नाहीं म्हणते, आणि दार लावून घेते. त्या दारावरील पाटीवर नांव असतें 'कुरोसावा'!

चौथ्या स्वप्नांत युद्धांतून एकटाच वांचलेला अधिकारी बोगद्यांतून बाहेर पडतो. मागोमाग त्याची मृत पलटण पावलें आपटीत येते. तो त्यांची क्षमा मागतो व अखेर मागें फिरण्याचा हुकूम देऊन त्यांना अंधारांत धाडतो. कुरोसावा स्वतः कधीं लढाईवर गेले नव्हते. तेव्हां ही घडल्या गोष्टीची आठवण नव्हे. मागें उरलेल्यांची ती रुखरुख आहे.

सहाव्या स्वप्नांत फुजी पर्वताजवळ अणुशक्तीच्या सहा भट्ट्या फुटतात. अदृश्य विष ओळखूं यावें म्हणून त्याला रंग दिलेले असतात. पण ओळखूनही पळावयाचें कोठें? पुढें समुद्रच! २०११ सालीं फुकुशिमा येथील अणुभट्ट्या वितळल्यानंतर हें स्वप्न निव्वळ कल्पना म्हणून पाहणें अवघड झालें.

शेवटीं पाणचक्क्यांच्या गांवीं १०३ वर्षांचा म्हातारा आनंदानें एका अंत्ययात्रेंत सामील होतो.

कुरोसावा स्वप्नांचा अर्थ कोठेंही सांगत नाहींत. ते फक्त बंद दार, सुरी, बोगदा अशा वस्तू डोळ्यांपुढें ठेवतात. आईनें दार लावल्याची भीति मात्र एकट्या त्यांची राहत नाहीं. ती पाहणाऱ्याची होते. १९९८ सालीं ते निवर्तले. तें दार अद्याप बंदच आहे.