घरावर सोलर घेताय? आधी पाड्यावरचा माणूस तयार करा



छपरावर सोलर बसवून देतो म्हणणारे लोक सध्या पाड्यापाड्यावर फिरताहेत, आणि घ्यावं का म्हणून ऑफिसला रोज फोन येताहेत. घ्यावं. पण सही करायच्या आधी एवढं वाचा.

पैशाचा हिशोब सोपा आहे. सरकारने १ किलोवॅटला साधारण ५० हजार खर्च धरलाय. त्यात पीएम सूर्यघर योजनेतून केंद्राचे ३० हजार. राज्याच्या स्मार्ट योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या घराला वरून १७,५००, तर महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या आदिवासी घराला १५ हजार. म्हणजे आपल्याकडून अडीच ते पाच हजार. कोणी जास्त मागितले तर कशाचे ते लिहून घ्या. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, अर्ज तिथेच अडकतो.

१ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात बरेच कमी. आणि हे कुणी नीट सांगत नाही: *लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं.* खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरचा करंट लागू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. बिल वाचेल, अंधार जाणार नाही. अंधारासाठी बॅटरीवालं सोलर लागतं. कातकरी, कोलाम आणि माडिया कुटुंबांच्या ज्या घरांपर्यंत लाइन पोचत नाही, त्यांच्यासाठी ते पीएम-जनमनमध्ये आहे, घरामागे ५० हजारांपर्यंत.

छप्पर कौलारू आणि भिंती कुडाच्या असतील तर थेट वर पॅनल ठेवू देऊ नका. एक मोठं पॅनल २५ किलोच्या आसपास भरतं, पण वजनापेक्षा वारा वाईट. वादळात पॅनल शिडासारखं उचलतं आणि वाळवी लागलेले वासे सोबत घेऊन जातं. घराशेजारी पक्का पाया घालून उंच लोखंडी सांगाडा करता येईल का, ते विचारा.

आता खरा मुद्दा. बसवायचं काम एक-दोन दिवसांचं, पॅनल चालणार २५ वर्षं. मधे काय होतं? उंदीर वायर कुरतडतो, जोड सैल होतो, फ्यूज उडतो, इन्व्हर्टरचा लाल दिवा लागतो. दुरुस्ती पाच मिनिटांची, पण माणूस शहरातून यायचा. पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याच्याच गळ्यात आहे, ती करून घ्याच. पण एका फ्यूजसाठी तो घाट चढून कधी येणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून बोलणी करताना सांगा: आमच्या पाड्यावरची दोन पोरं किंवा पोरी कामावर घ्या, मजुरी द्या आणि शिकवा. अर्थिंग कसं करतात, सांगाडा कसा कसतात, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. मात्र नुसतं बघून शिकलेल्याला वायरीला हात लावू देऊ नका. ऊन आहे तोवर पॅनलमध्ये करंट असतो, मेन स्विच पाडला तरी. ज्याला यातच काम करायचंय त्याने ‘सूर्यमित्र’ शिकावं. २०१५ साली सुरू झालेलं सरकारी प्रशिक्षण आहे, ६०० तासांचं, राहून शिकायचं, फी नाही. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन केलेल्यांसाठी.

“आमच्याकडे आयटीआयवालं कुणी नाही” म्हणून गप्प बसू नका. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात शाळा न पाहिलेल्या बायका रंगांच्या खुणांवरून सर्किट जोडायला शिकल्यात. त्याच राज्यात डुंगरपूरच्या आदिवासी महिलांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने आधी सोलर दिवे जोडले, मग स्वतःची कंपनी काढून पॅनल बनवू लागल्या. शेअर घेऊन उभी केलेली कंपनी म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

प्रत्येक पाड्यावरून एक मुलगा आणि एक मुलगी, अशी दोन नावं गटप्रमुखाकडे द्या. लग्न होऊन गाव सोडणार नाही किंवा कामाला बाहेर जाणार नाही, असंच नाव द्या. सोलर घेणाऱ्यांनी वीजबिल, आधार, बँक पासबुक आणि छपराचा फोटो याच नंबरवर पाठवावा. फोटो आतून काढा, वासे दिसले पाहिजेत.