गाण्यातली गोष्ट – ६ : हसू येतं कुठं?

मागच्या आठवड्यात आपण लंडनच्या सॅव्हॉय थिएटरच्या दारापर्यंत आलो होतो. तिथं २५ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘आयोलँथी’ रंगमंचावर आलं. शब्द गिल्बर्टचे, संगीत सलिव्हनचं. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, १८ नोव्हेंबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक झाले होते. दोन्हीकडे प्रेमात पडलेलं जोडपं, आडवी येणारी थोर मंडळी, आणि एक गाणं झालं की थोडं गद्य. ही वीण आपल्या भागात मात्र मुळीच नवी नाही. तुळजाभवानी ज्यांची कुलदेवता, त्यांच्या घरी लग्न झालं की गोंधळ घालतात. तोही गात-बोलतच रात्र काढतो. म्हणून आज तिघांना एकच प्रश्न : माणसं हसतात ती गाण्यात की बोलण्यात?

आधी घरचा गोंधळ. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली. संबळ वाजवणाऱ्याच्या हातातली एक काठी सरळ, दुसरी टोकाशी वाकवलेली. जोडीला तुणतुणं आणि झांज. सुरुवात गणानं होते, मग आवाहन : तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला नाव-गाव घेऊन बोलावणं. चाल तीच, नाव बदलत जातं, संबळाची लय चढत जाते. इथं कुणी हसत नाही, हसायचंही नसतं.

पूर्वरंग संपून आख्यान सुरू झालं की मुख्य गोंधळी, म्हणजे नाईक, कथा सांगू लागतो आणि साथीदार वेड घेऊन पेडगावला निघतो. देवाधर्माच्या गोष्टीत त्याला भाकरीची चिंता. राजकन्येचं वर्णन चालू असताना तो तिच्या बापाची शेती विचारणार. नाईक त्याला दटावतो, समजावतो, आणि त्या समजावण्यातच कथा दोन पावलं पुढं सरकते. मग पद, झील धरणाऱ्यांचा आवाज, पुन्हा बोलणं. चेष्टा गद्यात, भाव पदात. शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ पाहा. द्रौपदीच्या मनात कर्ण आला, एवढा नाजूक विषय. तो हसत-खेळत श्रोत्यांच्या गळी उतरतो तो या वाटणीमुळं. शेवटी आरती, तिथं थट्टेला जागा नाही.

सॅव्हॉयमध्ये नेमकं उलटं. तिथं विनोद सरळ गाण्यातच बसलेला. ‘आयोलँथी’त पऱ्या आणि इंग्लंडचे वंशपरंपरागत सरदार समोरासमोर येतात. सरदारांचा प्रवेश सलिव्हननं रणशिंगांच्या थाटात, भरघोस समूहस्वरात बांधला आहे. संगीत अगदी गंभीर. ते ज्यांच्यासाठी वाजतंय ती माणसं मात्र जन्माला येण्यापलीकडं काही न केलेली! हसू येतं ते या तफावतीचं. लॉर्ड चॅन्सेलरचं झोप न लागल्याचं गाणं त्याहून वेगळं. एका अक्षराला एक स्वर, चाल फारशी वरखाली नाही, वाद्यवृंद अंग चोरून, आणि शब्दांचा असा मारा की गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला याचंच नवल वाटावं. इथं संगीतकारानं स्वतःला आवरलंय; सलिव्हनची खरी हुशारी मला इथंच दिसते. पहिल्या अंकाच्या शेवटी मात्र तो सगळे हात मोकळे सोडतो : गद्य बंद, आणि भांडण, शाप, धमक्या सगळं सलग गाण्यातून.

‘सौभद्र’ या दोहोंच्या मध्ये कुठंतरी आहे. त्यातलं हसू प्रसंगात आहे. संन्यासी म्हणून घरात आणून ठेवलेला माणूस अर्जुन आहे हे आपल्याला ठाऊक, बलरामाला नाही; तो भक्तिभावानं बहिणीलाच त्याच्या सेवेला लावतो. अण्णासाहेबांनी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तनातून कानांत बसलेली वृत्तं वापरली, लावणीच्या आणि कर्नाटकी चालीही घेतल्या. चाल ओळखीची असल्यामुळं ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांवर राहतं, आणि कथा पदातूनच चालू लागते. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा लोकांनी डोक्यावर घेतली ती गळ्यासाठी, हेही खरं.

पुढं तो गळाच भारी पडत गेला. पदं रागदारीत आळवली जाऊ लागली, तानांना टाळ्या, टाळ्यांना ‘वन्समोअर’. गाणं मोठं झालं, पण बलरामाची फजिती तेवढा वेळ विंगेत ताटकळत राहिली. गोंधळात नाईक असा एकाच पदावर रेंगाळला असता, तर साथीदारानं मध्येच विचारलं असतं : “मालक, पोरीचं लगीन आज व्हायचं का उद्या?”