चित्रपटगृह परवाना आणि भागीदारीतील वाद

चित्रपटगृह परवान्यावरील भागीदारी वाद म्हणजे एकापेक्षा अधिक व्यक्तींनी मिळून चालवलेल्या चित्रपटगृहाचा शासकीय परवाना, त्याची जागा आणि त्यातील नफा यांवरील हक्कांविषयी भागीदारांत किंवा त्यांच्या वारसांत उद्भवणारे कायदेशीर वाद होत. भांडवल अनेकांचे आणि परवाना मात्र एकाच्या नावे, अशी स्थिती असल्यास हे वाद विशेष गुंतागुंतीचे होतात. परवाना ही विशिष्ट जागी चित्रपट दाखवण्याची परवानगी होय. तो मालकीचा किंवा हिश्श्याचा निर्णायक पुरावा नव्हे, हे या विषयातील मूलभूत तत्त्व आहे.

पार्श्वभूमी

कोल्हापूर परिसरात चित्रपट व्यवसाय आणि भागीदारी यांचा संबंध जुना आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांची होती. कंपनी १९३३ साली पुण्यास हलली आणि १९४२ साली शांताराम तिच्यातून बाहेर पडले.

चित्रपटगृहाची जागा आणि व्यवसाय यांचे मालक वेगवेगळे असू शकतात, हे पुण्यातील प्रभात चित्रपटगृहाच्या उदाहरणावरून दिसते. १९३४ साली सुरू झालेल्या या चित्रपटगृहाची जागा इंदूरच्या किबे घराण्याची होती. २०१४ च्या अखेरीस ती मूळ मालकांकडे परत गेली आणि चित्रपटगृहाचे नाव ‘किबे लक्ष्मी’ झाले.

कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार चित्रपटांचे प्रमाणन हा संघसूचीतील (नोंद ६०), तर चित्रपटगृहे हा राज्यसूचीतील (नोंद ३३) विषय आहे. त्यामुळे परवान्याचे नियम राज्यानुसार बदलतात. महाराष्ट्रात १९५३ चा मुंबई सिनेमा (विनियमन) अधिनियम आणि १९६६ चे नियम हा त्यांचा मुख्य आधार आहे. पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्या संस्थानातील पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण असलेले गगनबावडाही त्यामुळे राज्याच्या कायद्याखाली आले. गगनबावडा तालुक्यातील परवान्याचा अधिकार कोल्हापूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. कायम चित्रपटगृहांप्रमाणे तंबूतील फिरत्या चित्रपटगृहांनाही परवाना आवश्यक असतो.

प्राधिकारी मुख्यतः इमारतीची सुरक्षितता, अग्निप्रतिबंध, जागेचा ताबा आणि नियमांचे पालन या बाबी तपासतो. भागीदारांपैकी कोणाचा हिस्सा किती, हे ठरवणे त्याच्या अधिकारात येत नाही. तो प्रश्न दिवाणी न्यायालयाचा आहे. त्या प्रश्नाला भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ लागू होतो.

वादाची प्रमुख स्वरूपे

एकाच्या नावे परवाना : समजा, तिघांनी भांडवल घालून चित्रपटगृह सुरू केले आणि परवाना एकाच्या नावे काढला. पुढे तो परवानाधारक ‘व्यवसाय माझा एकट्याचा आहे’ असे म्हणू लागला, तरी केवळ परवान्यावरील नावामुळे इतर दोघांचे हक्क नष्ट होत नाहीत. कलम १४ नुसार संस्थेच्या पैशातून घेतलेली मालमत्ता, विरुद्ध हेतू दिसत नसल्यास, संस्थेची मानली जाते. कलम १६ नुसार संस्थेच्या व्यवहारातून, मालमत्तेतून किंवा नावावर एखाद्या भागीदाराने स्वतःसाठी मिळवलेल्या नफ्याचा हिशेब, विरुद्ध करार नसल्यास, त्याला द्यावा लागतो. मात्र परवान्याचे परस्पर हस्तांतरण निषिद्ध असल्यास आणि भागीदारी करार प्रत्यक्षात तसे हस्तांतरण ठरत असल्यास त्या कराराची वैधताच धोक्यात येते. मद्यविक्रीच्या परवान्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने बिहारीलाल जयस्वाल खटल्यात असा कठोर दृष्टिकोन स्वीकारला आहे.

भागीदाराचा मृत्यू : विरुद्ध करार नसल्यास भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संस्था विसर्जित होते (कलम ४२). दोनच भागीदार असल्यास एकाच्या मृत्यूनंतर भागीदारी उरतच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद लईकुद्दीन विरुद्ध कमला देवी मिश्रा (२०१०) या खटल्यात स्पष्ट केले. उर्वरित भागीदारांनी अंतिम हिशेब न करता संस्थेच्या मालमत्तेवर व्यवसाय चालू ठेवल्यास, विरुद्ध करार नसेल तर, मृताच्या वारसांना त्या मालमत्तेतील हिश्श्यामुळे झालेला नफा किंवा हिश्श्याच्या रकमेवर द.सा.द.शे. ६ व्याज यांपैकी एक निवडता येते (कलम ३७).

जागेचा ताबा : एम. सी. चोक्कलिंगम विरुद्ध व्ही. माणिकवासगम हा १९७३ चा निकाल मद्रासच्या चित्रपटगृह नियमांसंबंधी आहे. भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर भाडेकरूला बळाने बाहेर काढता येत नाही. तथापि तेवढ्यामुळे त्याचा ताबा परवाना नूतनीकरणासाठी आवश्यक असलेला ‘कायदेशीर ताबा’ ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. भागीदारांच्या भांडणात भाडेपट्ट्याचे नूतनीकरण राहून गेल्यास सर्वांचाच व्यवसाय धोक्यात येऊ शकतो, हे यावरून लक्षात येते.

नोंदणी नसलेली भागीदारी

भारतात भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. परंतु कलम ६९ नुसार नोंदणी नसल्यास करारातून निर्माण झालेल्या हक्कांसाठी दावा करण्यावर निर्बंध येतात. मूळ अधिनियमात विसर्जन आणि विसर्जित संस्थेचा हिशेब यांसाठीच्या दाव्यांना सूट होती. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ (२अ) घालून ही सूट बव्हंशी काढून घेतली. परिणामी, भांडवल घालूनही भागीदाराला हिशेब मागण्याचा मार्ग उरत नसे. व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव (२००९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उपकलम घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदारालाही विसर्जन आणि हिशेब यांसाठी न्यायालयात जाता येते.

उपाय

भागीदाराला दिवाणी न्यायालयात विसर्जन व हिशेबाचा दावा, तात्पुरता मनाईहुकूम आणि आवश्यकतेनुसार प्रापकाची (रिसीव्हर) नेमणूक मागता येते. करारात लवादाचे कलम असल्यास वाद लवादापुढे जाऊ शकतो. विसर्जित भागीदारीच्या हिशेबासाठी दावा विसर्जनापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मृत भागीदाराच्या वारसांच्या दृष्टीने ही मुदत विशेष महत्त्वाची ठरते. चित्रपटगृह चालू आहे म्हणून मुदतही थांबली आहे, असे मानता येत नाही.

लेखी भागीदारी करार, नोंदणी, परवान्याचा खर्च कोणत्या निधीतून झाला याची नोंद आणि मृत्यू किंवा निवृत्तीनंतरच्या व्यवस्थेचे स्पष्ट कलम यांमुळे असे वाद बव्हंशी टाळता येतात.

हे सुद्धा पहा

प्रभात फिल्म कंपनी
भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२
गगनबावडा तालुका