दहावीनंतरची वाट : मुलांसाठी घरीच तयार करा खेळ

दहावीचा निकाल लागला की घरोघरी 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. बहुधा मित्र जिकडे गेले तिकडे मुलगा जातो, किंवा वडील सांगतील ती शाखा घेतो. चूक ध्यानात येते ती दोन वर्षांनी. अकरावीला कला शाखा घेतलेल्या मुलाला बारावीनंतर बी.एस्सी. (कृषी) करावेसे वाटले तरी प्रवेश मिळत नाही, कारण त्यासाठी बारावी विज्ञान लागते. नवीन वाण आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो. मुलांच्या पुढील शिक्षणाचीही अशी लहान चाचणी खेळातून घेता येते.

खेळातून शिकवण देणे आपल्याकडे नवे नाही. जुन्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप असत. तीच पुढची सापशिडी. मात्र त्यात सोंगटी दानावर चालते. आपल्या खेळात वाट मुलाने स्वतः निवडावी, नशिबाचा भाग फक्त अडचणींपुरता ठेवावा.

साहित्य : जुन्या पुठ्ठ्याचे पोस्टकार्डाएवढे 25 ते 30 तुकडे व प्रत्येक खेळाडूस 20 चिंचोके. खेळाडू 4 ते 6 असावेत.

वाटेची पाने : प्रत्येक पानावर चार गोष्टी लिहाव्यात : प्रवेशाची अट, लागणारी वर्षे, वार्षिक खर्च आणि पुढे उघडणारी वाट. नमुन्यादाखल -

1) आय.टी.आय. विजतंत्री : दहावी उत्तीर्ण, 2 वर्षे. पुढे शिकाऊ उमेदवारी, किंवा तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश.
2) तंत्रनिकेतन पदविका : दहावी उत्तीर्ण, 3 वर्षे. पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश.
3) बी.एस्सी. (कृषी) : बारावी विज्ञान व सामाईक प्रवेश परीक्षा, 4 वर्षे.
4) पशुवैद्यकीय पदवी : बारावी विज्ञान (जीवशास्त्रासह) व नीट परीक्षा, आंतरवासितेसह साडेपाच वर्षे.

खर्चाचे आकडे व प्रवेशाचे नियम मुलांनीच जवळच्या संस्थेत जाऊन विचारावेत व पानावर भरावेत. नियम बदलत असल्याने दरवर्षी पाने तपासावीत. या चौकशीतच निम्मे शिक्षण होते. घरची शेती, दुग्धव्यवसाय, रोपवाटिका यांचीही पाने करावीत. शेती म्हणजे नापासांची वाट, असे पान करू नये. त्यावरही लागणारे भांडवल व शिक्षण लिहावे.

अडचणीची पाने : 'पाऊस लांबला, 3 चिंचोके परत करा', 'प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले', 'वसतिगृहात जागा नाही' अशी 8 ते 10 पाने करावीत. दोन-तीन पाने संधीचीही असावीत, जसे 'शिष्यवृत्ती मिळाली, 4 चिंचोके घ्या'.

खेळण्याची पद्धत : एक फेरी म्हणजे एक वर्ष. असे सहा फेऱ्यांचे खेळावे. दर फेरीस खेळाडूने वार्षिक खर्चाचे चिंचोके द्यावेत व अडचणीचे एक पान उचलावे. वाट बंद झाली तरी खेळाडू बाद होत नाही. त्याने दुसरी वाट शोधावी, उदाहरणार्थ, काम करता करता मुक्त विद्यापीठातून शिकणे. शेवटी प्रत्येकाने आपण कोठे पोहोचलो व का, हे सांगावे. चिंचोके जास्त उरले म्हणून कोणाला विजयी ठरवू नये.

पालकांनी घ्यावयाची काळजी : मुलींसाठी वेगळी पाने करू नयेत, सर्व पाने सर्वांना खुली असावीत. खेळताना मुलाची निवड बदलू नये. एक डाव उलटा खेळावा, म्हणजे मुलाने वडील व्हावे आणि वडिलांनी दहावीतला मुलगा. घरातून किती खर्च झेपेल हे मुलाला कळते, आणि मुलाला नेमके काय आवडते हे वडिलांच्या कानी पडते. एरवी हे बोलणे घरात होतच नाही.

हा खेळ निर्णय देत नाही, विचार करावयास लावतो. नववीच्या उन्हाळी सुटीतच तो सुरू करावा. चुकीच्या वाटेवर चिंचोके गेले तर ते परत मिळतात, वर्षे मात्र परत मिळत नाहीत.