वाफेच्या पात्रांत अवजारें कशीं ठेवावीं

गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, गाढवी नदीवर इटियाडोहचें धरण आहे. भोंवतीं धानाचीं शेतें आणि जंगल. गोंदिया शहर दूर. अशा भागांत दांतांच्या रोग्यांकरितां एखाद्या शाळेंत शिबिर भरवावयाचें म्हटलें म्हणजे डॉक्टरांच्या सामानाबरोबर एक लहानसें वाफेचें पात्र जातें. त्यास ऑटोक्लेव्ह म्हणतात. पडवींत रोग्यांची रांग लागलेली, अवजारांचे संच मोजके, आणि विजेचा भरंवसा नाहीं. मग मदतनिसाच्या मनांत साहजिकच येतें कीं, दोन खेपांचीं अवजारें एकाच खेपेंत कोंबलीं तर तासभर वांचेल. तो तसें करतो. झाकण बसतें, दाबमापकाचा कांटा ठरलेल्या खुणेवर चढतो, वेळहि पुरा भरतो. आणि तरीहि मधल्या पुडक्यांतील पक्कड जंतुयुक्तच राहिलेली असूं शकते.

ही गोष्ट डॉक्टरांपेक्षां सुगरणीला लवकर पटेल. मोदकपात्रांत मोदक एकमेकांना चिकटवून थरावर थर रचले, तर कडेचे शिजतात आणि मधले कच्चे राहतात. दोष पाण्याचाहि नसतो आणि चुलीचाहि नसतो. फरक इतकाच कीं, कच्चा मोदक बोटाला कळतो. शुद्ध झालेली पक्कड आणि न झालेली पक्कड दिसावयास मात्र अगदीं सारखी.

वाफेचें सामर्थ्य तिच्या नुसत्या उष्णतेंत नाहीं. कोरड्या गरम हवेनें जंतु मारावयाचे तर १६० अंश सेंटिग्रेडची धग दोन तास द्यावी लागते. दाबाखालील वाफ तेंच काम १२१ अंशांवर थोड्या वेळांत करते. याचें कारण असें कीं, वाफ थंड धातूला स्पर्श करतांच तिचें पाणी होतें, आणि होतांना ती एका ग्रॅममागें सुमारें ५४० कॅलरी उष्णता त्या धातूला देऊन टाकते. म्हणजे देवघेव सारी स्पर्शाची आहे. जेथें वाफेचा स्पर्श नाहीं तेथें शुद्धि नाहीं.

आणि हा स्पर्श अडविणारा मुख्य शत्रु म्हणजे पात्रांत आधींच बसलेली हवा. सारख्याच उष्णतेची हवा वाफेपेक्षां दीडपटीहून जड असते. ती तळाशीं आणि खोलगट जागीं दबा धरून बसते. हवा मुळींच बाहेर घालविली नाहीं, तर दाबमापक पंधरा पौंड दाखवीत असतांहि आंतील उष्णता १०० अंशांच्या आसपासच राहते. निम्मी हवा घालविली तर ११२ पर्यंत जाते. सर्व हवा गेली तरच १२१ अंश मिळतात. म्हणून लहान उभ्या पात्राची तोटी, वाफेचा अखंड झोत सुटेपर्यंत, उघडीच ठेवावी लागते. कांटा दाब सांगतो, उष्णता सांगत नाहीं, हें पुष्कळ ठिकाणीं विसरलें जातें.

येथून अवजारें ठेवण्याची रीत आपोआप निघते. वाटी किंवा किडनी ट्रे उताणा ठेवूं नये. ज्या भांड्यांत ओतलेलें पाणी सांठून राहील, त्यांत हवाहि सांठून राहील. तें कडेवर तिरपें ठेवावें. कात्र्या आणि पकडी मिटलेल्या नसाव्या, कारण दांत्यांच्या व बिजागरीच्या फटींतच रक्त राहतें. कागदी पाकिटें पत्त्यांच्या जोडाप्रमाणें एकावर एक न रचतां, ग्रंथालयांतील पुस्तकांसारखीं उभीं, पण सैल लावावीं. दोन पाकिटांमध्यें हात सहज जाईल इतकी जागा असावी. ज्या पाकिटाची एक बाजू प्लॅस्टिकची असते, त्याची कागदी बाजू शेजारच्याच्या प्लॅस्टिककडे असावी. वाफ कागदांतून शिरते, प्लॅस्टिकमधून नाहीं. धातूचा जड सामान खालीं आणि कपड्यांचीं पुडकीं वर, नाहींतर धातूवरून ठिबकणारें पाणी कापड भिजवितें. ड्रम वापरावयाचा तर त्याच्या बाजूचीं भोकें आंत घालतांना उघडीं हवींत. बाहेर काढल्याबरोबर तीं बंद करावयाचीं. नेमकें याच्या उलट झालेलें पाहण्यांत येतें.

दंतवैद्याच्या फिरत्या हँडपीसची अडचण निराळी. त्याच्या पोटांत बारीक नळ्या असतात, आणि साध्या पात्रांतील वाफ त्यांतील हवेला सहसा हुसकून देऊं शकत नाहीं. त्याकरितां आधीं पंपानें हवा शोषून घेणारीं यंत्रें निघालीं आहेत. परंतु यंत्र कोणतेंहि असो, वाळलेलें रक्त घासून धुतल्यावांचून अवजार आंत घालणें म्हणजे जंतूंना पांघरूण घालून वाफेपुढें बसविणें होय. काविळीचा ब विषाणु वाळलेल्या रक्तांत सात दिवस तरी जिवंत राहूं शकतो. एका तोंडांतून दुसऱ्या तोंडांत जाणाऱ्या अवजाराला हा धोका लहान नाहीं.

शुद्धीचा देखावा आणि शुद्धि यांतील अंतर किती महाग पडतें, याचा एक दाखला मुंबईशीं निगडित आहे. परळच्या प्रयोगशाळेंत हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं ती १०७ लोकांना टोचली गेली. पैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. प्रथम ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. परंतु साक्षींतून दिसून आलें होतें कीं, त्या बाटलीचें बूच काढावयाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता घोळवून तो पुन्हां वापरला गेला. चिमट्याला शुद्धीचा विधि झाला, शुद्धि झाली नाहीं. रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं बाजू घेतल्यावर १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त ठरले. पुढें १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नांवानें चालूं लागली.

धनुर्वाताचे जंतु मातींत बीजाणूंच्या रूपानें राहतात. हे बीजाणु उकळत्या पाण्यांतहि वीस-वीस मिनिटें तग धरूं शकतात. अवजारें उकळलीं म्हणजे झालें, हा आपल्याकडील समज त्या बीजाणूंइतकाच चिवट आहे. रंग बदलणारी फीत पुडक्याच्या बाहेर चिकटविली म्हणजेहि भागत नाहीं. ती बाहेरची उष्णता सांगते. दर्शक कागद पुडक्याच्या पोटांत हवा, आणि अधूनमधून बीजाणूंची कुपी घालून पात्राचीच परीक्षा घेतली पाहिजे. कुपी ठेवावयाची ती सर्वांत अवघड जागीं, बहुधा तळाशीं तोटीजवळ. सोयीच्या जागीं ठेवून पास होणाऱ्या परीक्षेला अर्थ नाहीं.

खेप संपल्यावरहि घाई नडते. ओला कागद बाहेरचे जंतु आंत ओढून घेतो, म्हणून पाकिटें पात्रांतच कोरडीं होऊं द्यावीं, आणि गरम असतांना थंड फरशीवर ठेवूं नयेत; तेथें त्यांना घाम सुटतो.

आतां इटियाडोहच्या पडवींतील रांगेचा हिशेब. गुंडाळलेल्या अवजारांना साध्या पात्रांत १२१ अंशांवर सुमारें तीस मिनिटें लागतात. तापणें, निवणें आणि सुकणें धरून खेप सवा तासाची होते. पात्रांत सैलपणें सहा संच मावत असतील, तर एका खेपेंत सहाच रोगी. ही संख्या सकाळींच ठरवून त्याप्रमाणें चिठ्या वाटल्या, आणि शक्य तितके संच आदल्या दिवशीं तयार करून आणले, तर सातव्या रोग्याला आपली पाळी केव्हां येणार तें आधींच कळतें. तो तोंवर शेतावर जाऊन येतो, आणि मदतनिसालाहि सातवा संच कोंबण्याचा मोह पडत नाहीं.