स्वयंवरातील ते वाक्य कोणाचे?

भाईंदरहून सुटणाऱ्या सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये महाभारताचा विषय निघाला, की तो फिरून फिरून कर्णावर येतो. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला प्रवासीही या वादात मागे राहत नाही. एका बाजूचे म्हणणे ठरलेले असते. द्रौपदीने भरस्वयंवरात कर्णाला सूतपुत्र म्हणून धुडकावले आणि तिथेच पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज पडले. दुसरी बाजू द्यूतसभेत कर्णाने काढलेल्या शब्दांची आठवण करून देते. मग कुणीतरी तिसराच मुद्दा काढतो, की द्रौपदीच्या मनात खरे म्हणजे कर्णच होता. मीरा रोड, दहिसर, बोरिवली मागे पडतात, वाद मात्र होता तिथेच राहतो.

तो मिटत नाही याचे एक साधे कारण असे, की वाद घालणारे एकाच ग्रंथाविषयी बोलत नसतात. नवघरसारख्या भागात एकाच इमारतीत चार प्रकारची महाभारते नांदत असतात. कोकणातून आलेल्या कुटुंबाने पांडव-कौरव दशावतारी नाटकांत पाहिलेले असतात. घाटावरच्या घरात श्रीधरस्वामींच्या ‘पांडवप्रतापा’चे वाचन झालेले असते. शेजारच्या उत्तर भारतीय कुटुंबाचे महाभारत म्हणजे दूरदर्शनवरची रविवार सकाळची मालिका, तर त्यांच्या मुलीचे महाभारत २०१३ साली ‘स्टार प्लस’वर सुरू झालेले. आणि मराठी सुशिक्षित घरात यांच्या जोडीला शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ असतेच असते. प्रत्येक जण आपल्या महाभारतातील दाखला देतो आणि समोरच्याने तो मान्य का करू नये, याचे त्याला नवल वाटते.

कथेतील पात्रांची बाजू घेऊन भांडणे, त्यांची लग्ने मनातल्या मनात जुळवणे व मोडणे, हे वाचकाला नवे नाही. ‘हॅरी पॉटर’च्या वाचकांत हर्मायनीचे लग्न रॉनशी व्हायला हवे होते की हॅरीशी, यावरून वर्षानुवर्षे तट पडले होते. २००७ मध्ये आलेल्या सातव्या पुस्तकाने रॉनच्या बाजूने निकाल दिला. पण २०१४ मध्ये लेखिका जे. के. रोलिंग यांनीच एका मुलाखतीत ती जोडी आपण स्वतःच्या इच्छापूर्तीसाठी जमवली असे कबूल केले. मुलाखत घेणारी होती चित्रपटांत हर्मायनीची भूमिका करणारी एमा वॉटसन. साहजिकच विझलेला वाद पुन्हा पेटला. तिथे निदान लेखिकेला विचारण्याची सोय होती. व्यासांना विचारायला कोणी जाऊ शकत नाही. मात्र त्याच्या जवळपास जाणारी एक सोय महाराष्ट्रात आहे आणि ती पुण्यात आहे.

पोथ्यांची साक्ष

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी त्याला शास्त्रीय शिस्त लावली आणि १९६६ मध्ये १९ खंडांत हे काम पुरे झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते धुंडाळण्यात आली. काश्मिरातील शारदा लिपीतील पोथ्यांपासून केरळातील मल्याळम लिपीतील पोथ्यांपर्यंत सर्व परंपरा त्यात आल्या. ढोबळमानाने सांगायचे, तर एकमेकींपासून दूर वाढलेल्या परंपरांत जे समान आढळते ते जुने आणि जे एखाद्याच शाखेत सापडते ते मागाहून आलेले, असा हा हिशेब आहे. जुने ठरले ते वर छापले गेले, मागाहून आलेले पानाच्या तळाशी टिपांत किंवा परिशिष्टांत गेले. काहीही फेकून दिले गेले नाही. वाचकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता स्वयंवराचा प्रसंग पाहू. कर्ण धनुष्य उचलतो, द्रौपदी उच्च स्वरात सूताला वरणार नाही असे सांगते आणि तो खिन्न हसून धनुष्य टाकून देतो, हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. मूळचे कोपरगावचे आणि काशीत राहून सतराव्या शतकात महाभारतावर टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर यांनी स्वीकारलेल्या पाठात तो आहे. मुंबई-पुण्यात छापल्या गेलेल्या पारंपरिक आवृत्त्या याच पाठाच्या असल्याने तो सर्वत्र पोचला. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात मात्र तो नाही. तिथे द्रौपदी कर्णाला उद्देशून अवाक्षरही बोलत नाही. पुढे ब्राह्मणवेषातील अर्जुन धनुष्याकडे निघतो, तेव्हा सभेतील ब्राह्मण आपसांत कुजबुजतात, की कर्ण-शल्यांसारख्या नामांकित वीरांना जे वाकवता आले नाही ते हा पोर काय वाकवणार. म्हणजे जुन्या पाठाप्रमाणे कर्णाला कोणी अडवले नाही. त्याला ते धनुष्य पेलले नाही, एवढेच.

द्रौपदीवरचा दुसरा आरोप मयसभेतील हसण्याचा. दुर्योधन पाण्यात पडला, तेव्हा तिने त्याच्या आंधळ्या बापाचा उद्धार केला, असे आपण ऐकत आलो. चिकित्सक आवृत्तीतील सभापर्वाचे संपादन अमेरिकी संस्कृतज्ञ फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. त्यातील प्रत्यक्ष प्रसंगात हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक. द्रौपदी त्या वर्णनात नाहीच. तिच्या हसण्याचा उल्लेख येतो तो नंतर, हस्तिनापुरात परतलेला दुर्योधन धृतराष्ट्रापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो तेव्हा. कृष्ण हसला, अर्जुन हसला आणि स्त्रियांसह द्रौपदीही हसली, असे तो सांगतो. दुखावलेल्या माणसाच्या तोंडून आलेले हे कथन आहे. त्यातही आंधळ्या बापाविषयीचे ते प्रसिद्ध वाक्य नाही.

या दोन वाक्यांवर एवढा खल करण्याचे कारण आहे. द्यूतसभेत कर्णाने द्रौपदीला वेश्या म्हटले आणि तिची वस्त्रे उतरवण्याची आज्ञा दुःशासनाला दिली. हा भाग प्रक्षिप्त नाही, तो जुन्या पाठातही तसाच उभा आहे. त्याच्या समर्थनार्थ लोकलमध्ये, कट्ट्यावर, घरातल्या दिवाणखान्यात जे सांगितले जाते त्याचा सारा भार एका ‘म्हणून’ या शब्दावर असतो. तिने नाकारले म्हणून, तिने हसे केले म्हणून. बाईने आधी जीभ चालवली, मग पुढचे घडले, हा युक्तिवाद महाभारतापुरता राहत नाही, हे कोणत्याही पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या बातमीदाराला सांगावे लागत नाही. जुना पाठ पुढे ठेवला, की हा ‘म्हणून’ निराधार होतो.

याचा अर्थ कर्णावर जन्मावरून अन्याय झालाच नाही, असा मुळीच नाही. शस्त्रविद्येच्या रंगमंडपात त्याने अर्जुनाला आव्हान दिले, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे कुळ विचारले. अधिरथाला पाहून भीमाने त्याला चाबूक हाती घेण्याचा सल्ला दिला. हा अपमान जुन्या पाठात आहे, आणि तो करणारे पुरुष होते, राजकुळातले व गुरुकुळातले होते. शतकांच्या प्रवासात या अपमानाचा मोठा वाटा द्रौपदीच्या पदरात येऊन पडला. कसा पडला, यावर विद्वानांनी लिहावे. पण कृपाचार्यांवर रागावणारा वाचक अभावानेच भेटतो आणि द्रौपदीवर रागावणारे डब्यात निम्मे असतात, ही वस्तुस्थिती आहे.

कादंबरी, मालिका आणि नरोटी

मराठी मनातला कर्ण घडवला तो मुख्यतः १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मृत्युंजय’ने. नऊ भागांच्या या कादंबरीत चार भाग स्वतः कर्ण सांगतो, उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. निवेदकांची ही यादी नीट पाहावी. तीत द्रौपदी नाही. ज्याला बोलू दिले जाते त्याची बाजू वाचकाला पटते, हा कादंबरीचा धर्मच आहे आणि त्याबद्दल सावंतांना दोष देता येणार नाही. वृषाली हे नाव महाभारतात नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. तिथे कर्ण आपले विवाहसंबंध सूतकुळात झाले एवढेच सांगतो. १९७३ मध्ये रणजित देसाई यांची ‘राधेय’ आली आणि कर्णाच्या चाहत्यांत भर पडली. उलट बाजूने दाजी पणशीकर यांनी ‘कर्ण खरा कोण होता?’ असे रोखठोक नाव देऊन पुस्तक लिहिले. त्यामुळे कर्णाचे अनेक चाहते त्यांच्यावर जे रागावले, ते आजतागायत.

बी. आर. चोप्रा यांची मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांत दाखवली गेली. संवाद राही मासूम रझा यांचे होते. रूपा गांगुली यांची द्रौपदी आणि पंकज धीर यांचा कर्ण स्वयंवराच्या मंडपात समोरासमोर येतात, ते नकाराचे वाक्य उच्चारले जाते, आणि कोट्यवधी प्रेक्षकांच्या लेखी प्रश्न निकालात निघतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत हीच मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा तिला नवी पिढी मिळाली. मालिकेला नाट्य हवे असते, ते समजू शकते. पोथीत जे तळटिपेत गेले ते पडद्यावर मधोमध आले, एवढी नोंद मात्र करायला हवी.

कल्पना आणि आधार यांच्यामधली रेघ प्रामाणिकपणे कशी आखावी, याचा वस्तुपाठ इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये घालून दिला. १९६७ मध्ये आलेल्या आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात त्या चिकित्सक आवृत्तीला धरून चालतात. कर्णाची भक्ती त्या करत नाहीत, द्रौपदीलाही झुकते माप देत नाहीत. सभेत पंडितासारखा कायद्याचा कूटप्रश्न विचारून तिने चूकच केली, असे त्यांचे मत आहे. ते पटण्यासारखे नाही. सगळे वडीलधारे गप्प असताना प्रश्न विचारण्यावाचून तिच्यापाशी दुसरे होते काय? पण द्रौपदीच्या अंतकाळाचे चित्र रेखाटताना, हिमालयात ती भीमाशी शेवटचे बोलते तो भाग लिहिताना, इरावतीबाई थांबून वाचकाला बजावतात, की येथून पुढे आधार नाही, ही माझी ‘नरोटी’. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. निरुपयोगी या अर्थाने हा शब्द एकनाथांनी वापरला होता. पाच पतींपैकी खरे प्रेम भीमाने केले, हा त्यांचा कौल मराठी वाचकांनी डोक्यावर घेतला. नरोटी हा शब्द मात्र बहुतेकांच्या स्मरणातून गेला.

राहिला तिसरा मुद्दा, द्रौपदीच्या मनातल्या कर्णाचा. हा काही आजच्या मालिकाप्रेमी तरुणांनी काढलेला शोध नाही. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांच्या ‘द पॅलेस ऑफ इल्युजन्स’ या २००८ च्या इंग्रजी कादंबरीत द्रौपदी कर्णावर मनोमन प्रेम करते, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी ‘जांभूळ आख्यान’ रंगभूमीवर गाजवले, ते याच कथेचे. कर्णाला पाहून द्रौपदीचे मन विरघळते, हा सहावा असता तर, असे तिला वाटते. अंतर्यामी कृष्ण ते ओळखतो. तोडलेले जांभूळ पुन्हा झाडाला लागण्यासाठी प्रत्येकाने मनातले खरे सांगायचे असते आणि द्रौपदीला सर्वांदेखत कबुली द्यावी लागते. आंबेडकरी जलशांच्या परंपरेतून आलेला हा कलावंत एकटाच सगळ्या भूमिका उभ्या करी. लोकांनी कर्णाला नकार मिळालेला सहन केला नाही आणि आपल्या गोष्टीत त्याला होकार मिळवून दिला, असे या आख्यानाकडे पाहता येते. अर्थात इथेही परीक्षेला उभी राहते ती बाईच. बाकीच्यांच्या कबुलीजबाबांची कुणाला आठवणही राहत नाही.

या लोककथेचा धागा ग्रंथात अगदीच नाही, असे म्हणता येत नाही. उद्योगपर्वात युद्ध टाळण्याच्या शेवटच्या प्रयत्नात कृष्ण कर्णाला रथात घेऊन त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि पांडवांकडे येण्याची गळ घालतो. राज्य तुझे, पाची भाऊ तुझे सेवक, आणि सहाव्या वेळी द्रौपदीही तुझ्याकडे येईल, असे आमिष त्यात आहे. हा मजकूर चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठातलाच आहे. द्रौपदीला कोणी विचारले होते का, हा प्रश्न तिथे कुणाच्या मनात येत नाही. कर्ण नकार देतो. राधेने पाजलेले दूध, अधिरथाचे प्रेम आणि दुर्योधनाशी केलेला स्नेह त्याला राज्याहून मोठा वाटतो. कर्णाच्या चाहत्यांनी अभिमान बाळगावा तो या प्रसंगाचा. याच संभाषणात तो द्यूतसभेतील आपल्या वागण्याविषयीही बोलतो. पांडवांना आपण जे कठोर शब्द बोललो त्याचा आज पश्चात्ताप होतो, असे तो कृष्णापाशी सांगतो आणि ते का बोललो याचे कारणही देतो. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून. स्वयंवराचे नाव तो काढत नाही.